चित्रातली मंडई आणि जागेवरची मंडई

(सामुदायिक रेडिओवरील भाषणाचा मजकूर)

पापडीहून बोलतेय. दुपारची भांडी आवरून बसला असाल तर रेडिओ जरा मोठा करा. आज मला माझ्या हातून झालेली एक चूक सांगायची आहे. पण ती कळायला आधी थोडी माझ्या कामाची माहिती द्यावी लागेल.

गावात एखादी मोठी इमारत व्हायची असली की सगळ्यात आधी काय येतं? सिमेंट नाही, रेती नाही. बोर्ड येतो. त्यावर रंगीत चित्र असतं. निळं आभाळ, पांढरी इमारत, पुढे हिरवळ, दोन मोठी झाडं, छत्री घेतलेली एक बाई आणि फुगा धरलेलं एक मूल. दोन-चार वर्षांनी इमारत उभी राहते तेव्हा झाडं नसतात, हिरवळीच्या जागी मोटरसायकली असतात आणि छपराचा आकारही वेगळाच असतो. आपण म्हणतो, फसवलं बघा.

ती झाडं आणि ती छत्रीवाली बाई काढायचं काम मी जवळजवळ तीस वर्षं केलं. आयटीआयमधून ड्राफ्ट्समन सिव्हिलचा कोर्स केला आणि मुंबईत एका आर्किटेक्टच्या ऑफिसात लागले. कोर्सचं नावच ड्राफ्ट्समन, त्याला बाईसाठी वेगळं नाव नव्हतं. सकाळी पापडीहून एसटीने वसई रोड, तिथून लोकल. तेव्हा कॉम्प्युटर नव्हते. ट्रेसिंग पेपरवर शाईच्या पेनाने रेघा मारायच्या आणि चुकलं तर ब्लेडने हलकेच खरवडायचं. हे ब्लेडचं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आमच्या ऑफिसात अधूनमधून स्पर्धेची कामं यायची. म्हणजे काय, तर एखादी संस्था किंवा नगरपालिका जाहीर करते की आम्हाला असं असं सभागृह किंवा बाजार बांधायचा आहे, एवढी जागा आहे, एवढे पैसे आहेत, आराखडे पाठवा. वेगवेगळे आर्किटेक्ट आराखडे पाठवतात. कागदावर नाव लिहायचं नसतं, फक्त नंबर. नाव बंद पाकिटात. परीक्षक सगळे कागद भिंतीवर लावून बघतात आणि एकाला पहिलं बक्षीस देतात. पद्धत चांगलीच आहे, ओळखीपाळखीने काम मिळण्यापेक्षा केव्हाही बरी. पण तिच्यात एक गोम आहे. जिच्यासाठी इमारत बांधायची ती माणसं आणि आराखडा काढणारा माणूस यांची तोपर्यंत भेटच झालेली नसते. फोटो बघून स्थळ पसंत केल्यासारखं आहे ते. संसार पुढे सुरू होतो, आणि मग कळतं कोणाला तिखट चालत नाही ते.

शिवाय शंभर कागद भिंतीवर लागलेले असले तर परीक्षकाची नजर एकेका कागदावर किती वेळ थांबणार? म्हणून छप्पर डौलदार काढायचं. प्रकाश कुठून येतो ते दाखवायचं. संडासाचं दार कोणत्या बाजूला उघडतं याला कोणी बक्षीस देत नाही.

तेव्हा बक्षिसाचा आराखडा बांधताना बदलतो, हे मी तुम्हाला आधीच सांगून टाकते. बदलतोच. प्रश्न एवढाच असतो की काय बदललं आणि ते बदलताना तिथे कोण हजर होतं.

मुंबईचीच उदाहरणं घेऊ, आपल्यातल्या बहुतेक जणींनी पाहिलेली. व्हीटी स्टेशनातून बाहेर पडलं की समोर महापालिकेची दगडी इमारत दिसते. तिचा कोनशिला समारंभ १८८४ मध्ये व्हाइसरॉय रिपन यांच्या हस्ते झाला, आणि बांधकामाला सुरुवात झाली १८८९ मध्ये. म्हणजे नारळ फुटला आणि काम पाच वर्षांनी सुरू झालं, ही रीत आजची नाही! दोन आराखडे समोर होते. एक चिझम नावाच्या आर्किटेक्टचा, इस्लामी आणि हिंदुस्थानी वळणाचा. दुसरा स्टीव्हन्स यांचा, गॉथिक वळणाचा. समोरचं व्हीटी स्टेशन ज्यांनी बांधलं तेच हे स्टीव्हन्स. शेवटी त्यांचा आराखडा ठरला आणि १८९३ मध्ये इमारत पूर्ण झाली. पण वर मान करून पाहा, गॉथिक म्हणवणाऱ्या इमारतीच्या डोक्यावर घुमट आपल्याकडचेच वाटतात.

तिथून काळा घोड्याकडे गेलात की म्युझियम लागतं, जुनं प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम, आताचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. त्याची पायाभरणी १९०५ मध्ये झाली, आणि खुली स्पर्धा घेऊन जॉर्ज विटेट यांच्याकडे काम आलं १९०९ मध्ये. दगड कुर्ल्याचा आणि मालाडचा. वस्तू ठेवायला बांधलेली ही इमारत तयार झाली तेव्हा पहिलं महायुद्ध चालू होतं. मग तिथे आधी लष्करी दवाखाना आला. म्युझियम म्हणून ती उघडली १९२२ मध्ये. रेघ एकही न बदलता इमारतीचं काम बदललं, तेही होतं.

आणि गेटवे ऑफ इंडिया. तोही विटेट यांचाच. त्याची स्पर्धा झालेली नव्हती, पण गोष्ट आपल्या विषयाचीच आहे म्हणून सांगते. गेटवेच्या समोर भव्य रस्ता करायचा बेत होता, कमानीच्या नेमका समोर येणारा. कमान १९२४ मध्ये पूर्ण झाली, पैसे संपले आणि रस्ता राहिला तो राहिलाच. म्हणून आजही आपण गेटवेला समोरून चालत जात नाही, तिरके जातो. पुढच्या खेपेला मुलांना घेऊन गेलात तर दाखवा. पैसे कमी पडले की आधी काय गळतं? मधला दागिना गळत नाही. त्याच्याकडे नेणारी वाट गळते.

आता जरा लांब जाऊ, ऑस्ट्रेलियातल्या सिडनीला. तिथलं ऑपेरा हाउस तुम्ही टीव्हीवर पाहिलं असेल, समुद्रकाठी पांढरी शिडं उभी केल्यासारखं. त्याच्या स्पर्धेला २३३ आराखडे आले होते. १९५७ मध्ये डेन्मार्कचे यॉर्न उट्झन जिंकले. चित्र अप्रतिम होतं, पण ती शिडं बांधायची कशी हे कोणालाच माहीत नव्हतं, उट्झनना सुद्धा. सरकारला घाई होती. छपराचा हिशेब व्हायच्या आधीच १९५९ मध्ये खालचं काम सुरू केलं. मग काय झालं असेल ते घर बांधलेल्या बाईला सांगायला नको. छपराचं वजन कळलं तेव्हा खालचे खांब कमी पडले आणि पुन्हा बांधावे लागले.

शिडांचं कोडं सुटलं १९६१ मध्ये. उट्झन यांनी सगळे आकार एकाच गोलातून कापले. मोसंबीची साल सोलताना लहानमोठे तुकडे निघतात, पण गोलाई सगळ्यांची एकच असते ना, तसं. गोलाई एक झाली म्हणून साचे करता आले आणि तुकडे ओतून वर चढवता आले. स्पर्धेच्या चित्रातली शिडं जास्त चपटी आणि मोकळी होती. बांधलेली उंच आणि नेटकी आहेत. माझ्या मते बांधलेलीच चांगली. हा बदल ज्याने आराखडा काढला त्यानेच केला, अडचण समजून घेऊन केला.

दुसरा बदल मात्र तसा झाला नाही. सरकार बदललं, खर्चावरून भांडणं झाली आणि १९६६ मध्ये उट्झन काम सोडून गेले. मोठ्या सभागृहात संगीताच्या मैफली आणि ऑपेरा दोन्ही व्हायचे होते. ऑपेरा म्हणजे त्यांचं संगीत नाटक. ते गेल्यावर ठरलं की मोठं सभागृह फक्त मैफलींना. मग रंगमंचाची यंत्रं काढून टाकली आणि ऑपेरा गेला छोट्या सभागृहात, जिथे वादकांना बसायलाही जागा अपुरी. ज्याच्या नावाने इमारत, त्यालाच लहान खोली. ७० लाख डॉलरचा अंदाज होता, १९७३ मध्ये उद्घाटन झालं तेव्हा खर्च १० कोटी २० लाखांवर गेला होता. उट्झन पूर्ण झालेली इमारत बघायला कधीच परत गेले नाहीत.

आता माझी गोष्ट.

नव्वदीच्या दशकात एका तालुक्याच्या गावी मंडईची स्पर्धा निघाली. गावाचं नाव सांगत नाही. आमच्या सरांनी भाग घ्यायचं ठरवलं. मी मंडईच्या ओट्यांची ड्रॉइंगं काढत होते. सरांनी पुस्तकातून ओट्याची उंची घेतली होती, अडीच फूट. मी तो कागद घरी आणला. माझी आई भाजी विकायची. पापडीहून वाडीतली भाजी घेऊन पहाटेच्या गाडीने लगेजच्या डब्यातून अंधेरीला जायची, तिथे रस्त्याच्या कडेला बसायची. तिला मी कागद समजावून सांगितला. ती म्हणाली, "अडीच फुटावर चढू कशी? डोक्यावर टोपली, खाली साडी. शिडी देणार आहेत का तुझे सर?"

मग तिने बसून दाखवलं. मांडी घालून बसलेल्या बाईचा हात कुठपर्यंत पोहोचतो, वजनकाटा कुठे धरला जातो, गिऱ्हाईक वाकून भेंडी मोडून बघतं तेव्हा त्याचं तोंड कुठे येतं. मी फूटपट्टीने मापं घेतली. दीड फूट उंची ठरली. पाठीमागे पिशवी अडकवायला हूक. आणि शेवटी ती म्हणाली, "हे सगळं राहू दे गं. लघवीला कुठे जायचं ते आधी सांग." ती पहाटे चारला चहा पिऊन निघायची आणि घरी येईपर्यंत पाण्याचा घोट घ्यायची नाही. का ते तुम्हाला सांगायला नको. दोनदा मूतखड्याने तडफडली होती.

सर माणूस चांगले. त्यांनी सगळं ऐकलं. बायकांचं शौचालय मंडईच्या ओळीला लागूनच आणलं, दहा पावलांवर, दार आतल्या बाजूला, समोर नळ. आणि वर पंखासारखं दुपाखी छप्पर, मधे फट, तिथून उजेड आणि वारा. आम्हाला पहिलं बक्षीस मिळालं. परीक्षकांनी छपराचं कौतुक लिहून पाठवलं. शौचालयाचा त्यात उल्लेख नव्हता, ओट्यांचाही नव्हता.

मग खरं काम सुरू झालं. जमिनीची चाचणी झाली, पाया खोल न्यावा लागला, तिथे पैसे गेले. इस्टिमेट वाढलं. छपराची फट तिथल्या इंजिनियरने काढून टाकली. म्हणाला, साहेब, कोकणातला पाऊस आडवा येतो, मंडईत तळं होईल. बरोबरच होतं ते. साधं उतरतं छप्पर केलं, बाजूने जाळ्या ठेवल्या. सरांनी दोन दिवस तोंड फुगवलं. मला तो बदल पटला होता.

एके दिवशी संध्याकाळी निरोप आला की विजेच्या पॅनेलसाठी खोली लागणार, रस्त्याच्या बाजूलाच लागणार, उद्या सकाळी सुधारलेला कागद हवा. रस्त्याच्या बाजूला रिकामी खोली कुठली? शौचालयाची. सरांनी बोट ठेवलं, "हे मागे घे." मागे म्हणजे कचऱ्याच्या हौदाजवळ, भिंतीच्या कोपऱ्यात. मी ब्लेड घेतलं. जुन्या रेघा खरवडल्या, नव्या मारल्या. वीस मिनिटं लागली. पावणेआठची लोकल पकडायची होती मला.

त्या वेळी मी एक शब्द बोलले नाही. छपरासाठी सर दोन दिवस भांडले. शौचालयासाठी भांडायला ज्यांना ते लागणार होतं त्या बायका तिथे नव्हत्या, आणि मी होते ती गप्प बसले. कागदात खोटं काहीच नव्हतं. आधीच्या यादीत "स्त्रियांसाठी शौचालय, एक" होतं, नंतरच्या यादीतही "एक"च होतं. चौरस फूटही तेवढेच. तपासणाऱ्याने बरोबरची खूण केली.

ओटे मात्र दीड फुटाचेच झाले. पण रुंदी कापली, म्हणजे ओट्यांची संख्या वाढेल आणि भाडंही वाढेल. मंडई सुरू झाल्यावर वर्षाने मी आईला घेऊन मुद्दाम गेले. ती एका बाईशेजारी टेकली, हूक बघून खूश झाली, मग विचारलं, "जायचं कुठे?" त्या बाईने मागे हात केला. "कुलूप असतं. चावी वॉचमनकडे. त्याच्याकडे पुरुषांसमोर मागायची लाज वाटते, मावशी. आम्ही पाणीच पीत नाही." आई माझ्याकडे बघून काही बोलली नाही. गाडीत बसल्यावर सुद्धा बोलली नाही.

या सगळ्यावर दुसरी एक वाटही लोकांनी काढून बघितली आहे, तीही सांगते. दक्षिण अमेरिकेत पेरू देश आहे, त्याच्या लिमा शहरात साठच्या दशकाच्या शेवटी गरिबांच्या घरांची मोठी स्पर्धा झाली. आपले चार्ल्स कोरिया त्यात होते. तिथे एकाच विजेत्याची घरं सगळीकडे न बांधता बऱ्याच जणांची थोडी थोडी बांधली, सुमारे ५००. आणि घरं मुद्दाम अपुरी, पुढे वाढवता येतील अशी. लोकांनी वाढवली पण. वर मजले चढले, खाली दुकानं निघाली. कोरियांनी पुढे १९८३ ते ८६ च्या सुमारास सिडकोसाठी आपल्या बेलापूरला वसाहत केली, तिला आर्टिस्ट्स व्हिलेज म्हणतात. तिथे स्पर्धा नव्हती, पण विचार तोच. सात-सात घरांना मधे एक अंगण, आणि दोन घरांत भिंत सामाईक नाही, म्हणजे तुम्ही घर वाढवलंत तर शेजारणीची भिंत हलत नाही. आज तिथे बरीच मूळ घरं पाडून मोठी झाली आहेत. काही आर्किटेक्ट हळहळतात. मला नाही हळहळ वाटत. कुटुंब वाढलं, घर वाढलं. बदल करणारे त्या घरात राहणारेच होते.

पण मंडई, दवाखाना, अंगणवाडी, बचत गटाचं सभागृह यांचं तसं नसतं. एकदा स्लॅब पडली की पडली. तेव्हा आधीच बघायला हवं. कसं बघायचं, ते माझ्या अनुभवाने सांगते.

बोर्डावरच्या रंगीत चित्रावर वेळ घालवू नका. नकाशा मागा, वरून बघितल्यासारखा असतो तो, प्लॅन म्हणतात. तो समजत नसेल तर लाजू नका, मलाही पहिले सहा महिने समजत नव्हता. नकाशा हातात आला की सरळ जागेवर जा आणि चुन्याची फक्की मारा. सुतळी आणि चार खुंट्या पुरे. ओटा कुठे, दार कुठे, नळ कुठे, खऱ्या मापाने जमिनीवर आखा. मग त्यात टोपली घेऊन बसा, पाळणा ठेवून बघा, गरोदर सुनेला त्या दारातून जायला सांगा. कागदावर जे वर्षभर दिसत नाही ते फक्कीत पाच मिनिटांत दिसतं.

ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते, तो नियम आहे. तिथे हा विषय काढा आणि ठरावात लिहून घ्या. नुसतं "शौचालय असावे" असं लिहू नका. तेच चुकतं. "ओट्यांपासून एवढ्या पावलांवर, आतून कडी, दिवा, चावी अमुक गटाकडे" असं लिहा. आणि काम चालू असताना एकदा विचारा की सुधारलेला नकाशा निघाला आहे का. मंजूर नकाशा एक असतो, नंतर त्यावर दोन-तीन सुधारणा निघतात, आणि त्याच कोणी बघत नाही. देत नसतील तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज आहे, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावायचं, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. दोन्ही नकाशे शेजारी ठेवायचे आणि बोटाने बघत जायचं, काय कुठून कुठे गेलं. खोलीचं नाव तेच असेल. जागा बघा.

एक आणखी. सगळ्याच बदलांवर भांडू नका. इंजिनियर म्हणाला आडव्या पावसात पाणी येईल, तर त्याचं ऐका. खरं कारण आणि सोय म्हणून केलेलं कारण यातला फरक तुम्हाला कळतो. ठेकेदाराला हिशेब विचारणाऱ्या बायका तुम्ही, रोजचा दूधवाला तुम्हाला फसवू शकत नाही.

त्या मंडईत मी चार-पाच वर्षांपूर्वी पुन्हा गेले. आई आता नाही. विजेची खोली तिथेच आहे, शौचालय अजून मागेच. पण कचऱ्याचा हौद हलवला होता आणि वाटेवर दिवा होता. मी वॉचमनला चावी मागितली तर तो म्हणाला, "माझ्याकडे नसते, त्या मावशींकडे बघा." तिसऱ्या ओट्यावर एक बाई मुळ्याच्या जुड्या बांधत बसली होती. बायकांनी नगरपालिकेत खेटे घालून चावी स्वतःकडे घेतली होती. तिच्या पाठीमागच्या हुकाला पिशवी नव्हती, चावी अडकवलेली होती. तिने न विचारताच ती काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "येताना कुलूप लावून आणा, आणि बादलीत पाणी असेल तर बघा."